महाराष्ट्रगीत आणि टोकावड्याचा सह्याद्री

गोविंदाग्रजांनी महाराष्ट्रगीत लिहिलं तेव्हा नकाशावर महाराष्ट्र नावाचा प्रांत नव्हता. मराठी मुलूख मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचं राज्य यांत वाटला गेला होता. खुद्द कवी, म्हणजे राम गणेश गडकरी, 1885 साली गुजरातेत नवसारीला जन्मले आणि 1919 मध्ये मध्य प्रांतातल्या सावनेरला वारले. तरी त्यांच्या गीतात महाराष्ट्र सलग उभा आहे, अगदी दगडधोंड्यांसकट. राज्य झालं 1 मे 1960 ला, शंभराहून अधिक माणसांनी जीव दिल्यावर. ते आंदोलनानंच मिळालं. पण ज्यासाठी मरायचं त्याचं रूप लोकांच्या मनात कवींनी आधीच भरलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

युरोपातही असंच घडलं. जर्मनी 1871 ला एक झाली, पण हर्डरनं लोकगीतं छापायला 1778 मध्येच सुरुवात केली होती. केशवसुतांनी इंग्रजी रोमँटिक कवींकडून पुष्कळ घेतलं आणि सुनीत मराठीत रुजवलं. हर्डरचं लोकांच्या तोंडचं गाणं वेचण्याचं काम मात्र आपल्या कवींनी फारसं मनावर घेतलं नाही. रविकिरण मंडळाची जानपद गीतं गोड आहेत. गाव त्यात दिसतं, बोलत नाही. साने गुरुजींनी आणि पुढे सरोजिनी बाबरांनी ओव्या जमवल्या म्हणून बरं. डोंगरपट्टा मात्र बराचसा राहूनच गेला.

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला हे फार जाणवतं. कल्याणहून माळशेजकडे जाताना मुरबाड मागे पडलं की सह्याद्री अंगावर येतो, आणि पुढे वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. वरच्या लेण्यात भिंती भरून ब्राह्मी अक्षरं आहेत: कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं दान दिली, सगळं प्राकृतात. शेजारी सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता डोक्यावरची नावं आणि खाली पावलं तेवढी उरली आहेत. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यासाठी मांडलेल्या पुराव्यांत हा लेखही होता.

पण दगडावरच्या भाषेला जो मान मिळाला, तो पायथ्याच्या तोंडी भाषेला कुठे मिळतो? ठाकरांची, कातकऱ्यांची बोली शाळेच्या दारातच अशुद्ध ठरते. आवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी चिखलातच राहतात. मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा. तिचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तेराव्या शतकातले, आणि आपण ते अभ्यासक्रमात लावतो. ठाणे-रायगडच्या आगरी लग्नांत धवलारीण आजही धवले म्हणते, तिला मात्र आपण कवितेच्या इतिहासात धरत नाही. ही सरळ सरळ चूक आहे.

मुरबाड-शहापूरच्या कॉलेजांत मराठी शिकणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: पुढच्या लग्नसराईत धवलारणीजवळ बसा, तिला विचारून तिचं गाणं फोनवर उतरवून घ्या, खाली तिचं नाव आणि गाव लिहा. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांची कविता म्हणालच. त्याच कार्यक्रमात तिलाही बोलवा आणि पुढच्या खुर्चीवर बसवा.