पेशीतील चैतन्याचा प्रश्न

सजीवाचे लहानात लहान एकक असलेल्या पेशीला जाणीव असते काय, हा प्रश्न वरवर जीवशास्त्राचा वाटला तरी त्याचे मूळ तत्त्वज्ञानात आहे. आणि अरविंद घोष यांच्या विचारात त्याला जे वळण मिळाले, त्याची पूर्वपीठिका बडोद्यात सापडते. 1893 ते 1906 या काळात बडोदे संस्थानच्या सेवेत असलेले अरविंद सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर पुन्हा या शहरात आले आणि जानेवारी 1908 मध्ये विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या सांगण्यावरून तीन दिवस ध्यानस्थ बसले असता त्यांचे मन निर्विचार झाले. लेले यांनी दाखवलेला मार्ग साधा होता: विचार आत उपजत नाहीत, बाहेरून येतात, तेव्हा ते येताना पाहावेत आणि शिरू देऊ नयेत. मन थांबूनही जाणीव उरत असेल, तर या दोन गोष्टी वेगळ्या ठरतात आणि जेथे मन नाही तेथेही जाणीव असू शकेल, असे म्हणण्यास वाट मिळते. 1914 पासून 'आर्य' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'द लाइफ डिव्हाइन' या ग्रंथात अरविंदांनी हीच वाट धरली: जडात चैतन्य सुप्त असते, प्राणात ते अर्धवट जागे होते आणि मनात स्वतःला ओळखू लागते. पुढे श्रीमाताजी, म्हणजे मीरा अल्फासा, यांनी थेट शरीरातील पेशींच्या जाणिवेविषयीच सांगितले.

पेशीविज्ञानाकडे या दृष्टीने पाहिले असता प्रथम भेटते ती आदिकेंद्रकी पेशी, म्हणजे जिच्यातील डीएनए पटलाने वेढलेले नसून पेशीद्रव्यातच एका भागात गोळा झालेले असते, अशी जीवाणूंची पेशी. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो; तरीही पोहताना तो भोवतालच्या अन्नद्रव्याचे आताचे प्रमाण काही सेकंदांपूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहतो आणि वाढ आढळली तर त्याच दिशेने अधिक काळ जातो. याला स्मृती म्हणण्याचा मोह होतो. परंतु ही तुलना पेशीपटलातील ग्राही प्रथिनांवर होणाऱ्या रासायनिक बदलांतून घडते, हे आता तपशीलवार ठाऊक आहे. अर्थात यंत्रणा कळल्याने अनुभव नाहीच असे सिद्ध होत नाही, कारण मानवी मेंदूचे कार्यही अशाच रासायनिक भाषेत सांगता येते आणि तरी मनुष्याला वेदना होते हे कोणी नाकारत नाही.

दृश्यकेंद्रकी पेशीत, म्हणजे वनस्पती, प्राणी, बुरशी आणि अमिबासारखे एकपेशीय जीव यांच्या पेशीत, केंद्रक पटलाने वेढलेले असते आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेला दुहेरी पटल व स्वतःचे डीएनए असते. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये पुढे मांडलेल्या आणि नंतर सर्वमान्य झालेल्या मतानुसार तंतुकणिका ही एकेकाळी स्वतंत्र असलेल्या जीवाणूची वंशज आहे. येथे तत्त्वचिंतकाची खरी अडचण सुरू होते. एका पेशीतच दोन वंशांचे जीवन एकत्र आलेले असेल आणि मानवी शरीरात अशा पेशी लाखो कोटींनी मोजाव्या लागत असतील, तर प्रत्येकीची जाणीव मानल्यास त्या सर्वांचा मिळून एकच 'मी' कसा होतो? बेरजेने तो होत नाही. अरविंदांच्या भूमिकेतून उत्तर असे निघते की चैतन्य मुळात एकच असून ते स्वतःला मर्यादित करून अनेक रूपांत वावरते, त्यामुळे जोडण्याचा प्रश्नच उरत नाही. उलगडायचे ते एवढेच, की ते विभागल्यासारखे का भासते. हे उत्तर अद्वैताच्या परंपरेशी जवळचे आहे आणि स्वतःच्या गृहीतकाशी सुसंगतही आहे. मात्र ते ध्यानातून आणि तर्कातून आलेले आहे, सूक्ष्मदर्शकातून नव्हे. म्हणून जीवाणूच्या हालचालीला चैतन्याचा पुरावा म्हणून पुढे करणारी अलीकडची लोकप्रिय व्याख्याने जीवशास्त्रावर अन्याय करतात आणि अरविंदांवर त्याहून अधिक.