मुसळीची झोप

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. सफेद मुसळीचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं. देव झोपायला निघतात तेव्हा ही मातीतून वर आलेली असते आणि देव उठतात तोवर हिचं एक पानही जमिनीवर उरलेलं नसतं. चार महिने जाग, आठ महिने झोप.

ही मूळची माळावरच्या गवतातली, विरळ जंगलाच्या कडेची वनस्पती. क्लोरोफायटम बोरिविलिएनम या तिच्या शास्त्रीय नावात आपल्या मुंबईचं बोरिवली आहे. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात ते नाव दिलं. पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी, मूगडाळ घालून केली जाणारी फोडशी हिच्याच गोतावळ्यातली.

कुंडीत मुसळी लावणं अवघड नाही. भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी माती, थोडं शेणखत आणि जूनचा पाऊस एवढ्यावर तिचं भागतं. मात्र कंद नीट पाहून घ्यावा. बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका वरच्या बाजूला एका लहानशा चकतीला धरलेला असतो. कोंब फुटतो तो त्या चकतीवरच्या डोळ्यातून. चकतीचा तुकडा सोबत नसेल, तर मुळी कितीही जाडजूड असो, ती उगवत नाही. बाजारात मिळणारी सोललेली, वाळलेली पांढरी मुसळी म्हणूनच लावून उपयोग नसतो.

पाऊस पडला की जमिनीलगत लांबट हिरव्या पानांचा गुच्छ येतो. मधून दांडा निघतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं खालून वर उमलत जातात. गणपती-नवरात्राच्या सुमाराला पानं पिवळी पडायला लागतात. आपल्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. ऊन कमी पडलं की पाणी? कुणी खत घालतं, कुणी पाणी वाढवतं. पण तिचं काहीच बिघडलेलं नसतं. चार महिन्यांत पानांनी कमावलेलं सगळं तिने कंदात उतरवलेलं असतं आणि दुकान बंद केलेलं असतं. आता पाणी म्हणजे कंद कुजण्याला आमंत्रण. कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी सरकवावी आणि जूनपर्यंत तिच्याकडे कानाडोळा करावा.

हे मात्र आपल्याला जमत नाही. रिकामी दिसणारी कुंडी डोळ्यांत खुपते. तिथे झेंडू खोचावासा वाटतो. माती उकरून, कंद जिवंत आहे ना, हे बघावंसं वाटतं. इतर झाडांना पाणी घालता घालता सवयीने एक तांब्या तिथेही रिता होतो. माया करण्याच्या आपल्या साऱ्या रीती काहीतरी करण्याच्या आहेत. हात आवरणं ही काळजीच आहे, हे पटायला वेळ लागतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. मुसळी आपल्याकडे ओळखली जाते ती बल्य म्हणून. थकवा जावा, अंगात ताकद यावी यासाठी वैद्य तिचं चूर्ण दुधातून घ्यायला सांगतात. तिला एवढी मागणी आली की रानातली मुसळी कंदासकट, बी धरण्याआधीच उपटली गेली आणि अनेक ठिकाणी दिसेनाशी झाली. बी पडलं तरी फारसं उगवत नाही. तिचा भरवसा जमिनीत राहिलेल्या कंदावर. आपण नेमका तोच काढून नेला.

म्हणजे वर्षातले आठ महिने निवांत पडून राहणाऱ्या वनस्पतीकडून आपण ताकद मागतो, ती कशासाठी? तर बाराही महिने न थांबता धावता यावं म्हणून! रात्री उशिरापर्यंत जागायचं, सुट्टीच्या दिवशीही फोनवर कामं उरकायची आणि सकाळी चमचाभर चूर्ण दुधात घालून उसनी उभारी आणायची. मुसळीने ती ताकद साठवली ती स्वतःचं थांबणं मोडू न देता. पानं गळाली म्हणून तिने घाई केली नाही, शेजारी झेंडू फुलला म्हणून अवेळी कोंब काढला नाही.

घरच्या मुसळीतून दवाखाना चालत नाही. औषध म्हणून घ्यायची तर वैद्यांना विचारूनच घ्यावी. पण झोपेच्या वेळी तिला झोपू देणारा माणूस स्वतःच्या थकव्याकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो. येत्या पावसाळ्यात लावायची असेल, तर चकतीसकट कंद आणावेत आणि कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत एक कुंडी मोकळी ठेवायची मनाची तयारीही करावी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.