कादंबरीला तारीख नसते

माणसाला ज्या गोष्टी फुकटच मिळाव्यात असे वाटते, त्यांत सल्ला, कोथिंबीर आणि कॅलेंडर यांचा नंबर बराच वर लागतो. पैकी तिसऱ्या गोष्टीचा मला धंद्यातला अनुभव आहे. डिसेंबर लागला की वर्षभर न फिरकलेले खातेदार आमच्या बँकेच्या काउंटरवर उगवतात. खात्यात शिल्लक पाचशे, पण कॅलेंडरे तीन हवीत. एक घराला, एक मेव्हण्याला आणि एक 'असू द्या हो!' अशा जगात कॅलेंडर विकून पोट भरू पाहणाऱ्या माणसाबद्दल मला प्रथम कीव आणि मागाहून आदर वाटतो.

असा एक गृहस्थ गेल्या जानेवारीत आमच्या नंदाखालला टेबल मांडून बसला होता. एकखांबी प्रकाशन. लेखक शोधण्यापासून गठ्ठे बांधण्यापर्यंत सगळे तोच. टेबलाच्या डाव्या बाजूला कॅलेंडरे, उजव्या बाजूला प्रयोगशील कादंबऱ्या आणि मध्ये पाटी: 'कॅलेंडर निम्म्या किमतीत, कादंबरी तीस टक्के सवलतीत.' मी ६० रुपयांचे कॅलेंडर ३० ला घेतले. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, वर्षाचे बारा दिवस उलटून गेले की! ते वजा केले का त्याने?"

मी बी.कॉम. माणूस. ६० भागिले ३६५, म्हणजे दिवसाला सुमारे १६ पैसे. बारा दिवसांचे दोन रुपये. न्यायाने मी ५८ द्यायला हवेत, दिले ३०. मग वरचे २८ रुपये कोणाच्या खिशातून आले? हिशेब इथे संपतो आणि नीतिशास्त्र सुरू होते. ते आम्हाला बी.कॉम.ला नव्हते.

तरी कॅलेंडरवरची सवलत समजू शकते. तो माल बर्फासारखा रोज वितळतो. मार्चमध्ये त्याला कोण विचारतो? पण कादंबरीवर तारीख नसते. मग तिला सवलत कशाबद्दल? वाचकाला होणाऱ्या त्रासाबद्दल? मी तिथल्या तिथे एक चाळून पाहिली. पहिल्या पानावर नायक जिन्यात बसला होता. चाळिसाव्या पानावरही तो तिथेच होता, फक्त आता जिना नव्हता.

आमच्या हिशेबशास्त्राचा नियम असा की, शिल्लक मालाची किंमत खर्च आणि बाजारभाव यांत जी कमी असेल ती धरावी. नियम चोख आहे. पण पुस्तकाला बाजारभाव लावायचा तर कोणत्या दिवसाचा? पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढली. लेखकाला ज्ञानपीठ मिळाले ते २०१४ सालचे. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली छापल्या आणि 'भिजकी वही' २००३ साली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला २००५ मध्ये. तोवर कोलटकर जाऊन वर्ष उलटले होते. कोलटकरांचा चरितार्थ कवितेवर नव्हे, जाहिरातींच्या कामावर चालला. म्हणजे डाव्या हातातले कॅलेंडर उजव्या हातातल्या पुस्तकाला पोसते, ही रीत जुनीच. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले आणि महिन्याच्या मागच्या कोऱ्या जागेवर लेख छापले. मराठीत कॅलेंडरने साहित्य अक्षरशः पाठीवर वाहिले आहे! २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा सरकारनेही छापील पुस्तकाला करमुक्त ठेवले आणि कर कॅलेंडरवर बसवला.

यावर कोणी म्हणेल, मी पैसे मोजले ते एकादशी आणि बँकेच्या सुट्ट्या कळाव्यात म्हणून. मला न समजणाऱ्या कादंबरीच्या कागदाला त्यातला रुपया का जावा? याचे उत्तर आमच्याकडच्या वाडीवाल्याला विचारावे. केळ वर्ष-सव्वा वर्षात घड देते आणि एका घडानंतर तिला तोडतात, अगदी कॅलेंडरसारखी. माडाला मात्र पहिला नारळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर वाडीचा खर्च केळीवर निघतो. म्हणून केळीला कोणी हलकी म्हणत नाही आणि तिसऱ्या वर्षी माडावर 'तीस टक्के सवलत' अशी पाटीही कोणी लावत नाही. ज्या नंदाखालने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या रूपाने उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष दिला, त्या गावाला लेखक एका हंगामात तयार होत नाही हे सांगायला नको.

मात्र केळ परवडते ती कोणीतरी रास्त भावाने घड नेतो म्हणून. सगळेच निम्म्या किमतीची वाट पाहत बसले, तर माडाला पाणी कोण घालणार? तेव्हा माझा निवाडा असा. कॅलेंडर डिसेंबरातच, पुऱ्या किमतीला घ्यावे. पहिल्या वाचनात समजेल अशा पुस्तकावर वाटल्यास सवलत मागावी. ते आपल्याआधी पुष्कळांनी समजून समजून झिजवलेले असते. पण न समजणारे पुस्तक पुऱ्या किमतीलाच घ्यावे आणि फळीवर ठेवून द्यावे. आपल्याला नाही तर मुलीला, तिला नाही तर नातवाला समजेल. घाई कसली? त्याच्यावर तारीख कुठे आहे?