मैत्री लादता येते का?

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. दहा दिवसांच्या साधनेअखेरीस साधक सर्व प्राण्यांसाठी मंगल मैत्रीची भावना करतात. सर्व प्राणी म्हटल्यावर त्यात घराच्या पडवीतल्या पिंजऱ्यात एकटा बसलेला पाळीव ससाही आला. त्याचा एकटेपणा पाहून कुणी कळवळून दोन कोवळी पिल्लं आणतो आणि त्याच पिंजऱ्यात सोडतो. ही मैत्री झाली का? माझ्या मते नाही. सोबत मिळवून देणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे. पण गट्टी जमवणं त्याच्या हाती नाही. ती जमेल अशी परिस्थिती घडवायची आणि मग आपली इच्छा बाजूला ठेवायची, एवढाच त्याचा अधिकार.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात मैत्रीसारख्या चार सद्भावनांपैकी प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून जास्त फसवते. तीन ससे एकमेकांना बिलगून बसलेले पाहण्याची आपली हौस ही अशी आसक्ती आहे. सशाचा स्वभाव मात्र वेगळं सांगतो. पाळीव ससा युरोपातल्या रानसशाचा वंशज. तो रानससा बिळांच्या वसाहतीत कळपाने राहतो, म्हणून पाळीव सशालाही सोबत हवी असते हे खरं. पण तोच ससा हनुवटी घासून आपल्या जागेवर वासाची खूण करतो आणि उपऱ्याला चावून हाकलतो. पिल्लांना त्याने सुरुवातीला सामावून घेतलं तरी तीन-चार महिन्यांत ती वयात येतात आणि काल एकत्र झोपणारे आज रक्तबंबाळ होऊ शकतात. म्हणून जाणकार आधी शेजारी-शेजारी वेगळे पिंजरे ठेवतात, अंथरूण अदलाबदल करून वासाची ओळख करून देतात, नसबंदी करून घेतात आणि पहिली भेट कुणाचीच मालकी नसलेल्या जागी, थोडा वेळ घडवतात. डांगी बैलांच्या इगतपुरी मुलखात नव्या खोंडाला मुरलेल्या बैलाशेजारी पहिल्याच दिवशी नांगराला कुणी जुंपत नाही. तोच विवेक इथेही लागतो.

यावर कुणी म्हणेल, निसर्गावर सोडा, भांडून आपोआप जमेल. पण रानात हरलेला ससा पळून जातो. पिंजऱ्यात त्याला पळायला वाट नसते. ती वाट आपणच बंद केली, मग निसर्गाचं नाव कसं घ्यायचं? बुद्धघोषांच्या मते उपेक्षेचा, म्हणजे समतोलाचा, जवळचा शत्रू अज्ञानातली बेफिकिरी. ती हीच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नसबंदी ही हिंसा नाही का? शरीरावर शस्त्र चालतं, त्याला ससा संमती देऊ शकत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण मादी सुमारे ३१ दिवसांत विते आणि विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. ज्यांना जागा नाही अशी पिल्लं जन्माला घालणं ही लांबणीवर टाकलेली हिंसाच आहे. शिवाय नसबंदी न केलेल्या, वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो. अहिंसा हात स्वच्छ ठेवण्यापुरती नसते; परिणामांची जबाबदारीही तिच्यात येते.

तिसरा प्रश्न उरतो: एवढं करूनही नाही जमलं तर? काही सशांचं जमत नाही. तेव्हा मधे जाळी ठेवून, एकमेकांना दिसतील असे वेगळे पिंजरे कायम ठेवणं हे अपयश नव्हे. पतंजलींच्या योगसूत्रांतही मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या जोडीला उपेक्षा सांगितली आहे. तिच्याविना मैत्री हट्ट बनते. दुसऱ्याचं भलं चिंतणं म्हणजे ते आपल्याला हव्या त्या रूपातच व्हावं ही अट सोडणं. ज्याला सशाच्या बाबतीत ही अट सोडता येते, त्याची सर्व प्राण्यांसाठीची मैत्रीभावना आचरणात उतरू लागली आहे.