चौपाल आणि कनॉट प्लेस

दिल्लीत बदलून आलेल्या आम्हां मराठी नोकरदारांना एक प्रश्न वारंवार पडतो : या नगरीत आपण राहतो, परंतु आपण तिचे आहोत काय? हा प्रश्न वरवर जागेचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. माणसे जेथे एकत्र येतात ते स्थान त्यांना काय देते व त्यांच्याकडून काय घेते, हे पाहिल्यावाचून त्याचे उत्तर मिळावयाचे नाही.

रामकृष्णपुरम्‌ ही सरकारी वसाहत मुनीरका, मोहंमदपूर अशा जुन्या खेड्यांना लागून उभी राहिली. शेते गेली, गावठाणे राहिली. दिल्लीच्या अशा गावांचे हृदय म्हणजे चौपाल : उंच जोत्यावरची बैठक, खाटा, हुक्का आणि वडीलधाऱ्यांची पंचायत. आपल्याकडील पार व चावडी या दोहोंचे गुण तिच्यात एकवटले आहेत. गावातला कोणी चार दिवस दिसला नाही, तर तेथे त्याची विचारपूस होते.

याउलट कनॉट प्लेस. रॉबर्ट टॉर रसेल यांच्या आराखड्यानुसार १९२९ ते १९३३ या काळात ही शुभ्र स्तंभांची वर्तुळे उभी राहिली. १९९५ साली नाव बदलले. पण लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. येथे कोणी कोणास ओळखत नाही, आणि ओळखण्याची अपेक्षाही नसते.

घरापासून दूर असलेल्या मनाला चौपालीची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु ती आपुलकी जन्माने मिळते. स्त्रियांनी चौपालीवरून जाताना तोंडावर पदर ओढावा, अस्पृश्य मानलेल्यांनी बरोबरीने बसू नये, हे तिचेच रिवाज होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गुणगानावर कठोर टीका केली, ती काही उगाच नव्हे. कनॉट प्लेसच्या वऱ्हांड्यातून मात्र कोणीही आपली जात न सांगता हिंडू शकतो. ज्याला गावाने नाकारले, त्याला हा अनोळखीपणा म्हणजे मुक्तीच होय.

तथापि हिवाळ्याच्या रात्री त्याच वऱ्हांड्यांत बेघर माणसेही निजतात. त्यांतला एखादा सकाळी उठलाच नाही, तर त्याची उणीव कोणास भासणार?

‘आपण कोण?’ हा एकच प्रश्न दोन हेतूंनी विचारता येतो : माणसाची पायरी ठरविण्यासाठी, अथवा त्याची काळजी घेण्यासाठी. चौपालीने हे दोन्ही हेतू एकत्र बांधले. कनॉट प्लेसने प्रश्नच सोडून दिला. पहिला हेतू टाकून दुसरा राखणे, हे कोणत्याही वास्तूला साधणारे नाही. ते माणसांनीच करावयाचे आहे.

आणि येथे आम्हांला स्वतःकडे वळावे लागते. आमच्या वसाहतींत घरे वेतनश्रेणीनुसार मिळतात. ‘कोणत्या टाइपमध्ये राहता?’ असे विचारून आम्ही पायरी तेवढी जाणून घेतो. शेजारच्या घरातला दिवा दोन रात्री का लागला नाही, हे विचारीत नाही. ‘आज ना उद्या बदली होणारच’ ही आमची सबब असते. परंतु शेजारधर्म काही मुक्कामाच्या मुदतीवर अवलंबून नसतो. गावी जे काम रूढी करते, ते येथे ज्याचे त्याने समजून करावयाचे असते. त्या दाराची कडी वाजविली, म्हणजे ही नगरी तेवढ्यापुरती तरी आपली होते.