यादी कुणी मांडली?

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या घराघरांत एकच प्रश्न फिरतो: ‘कुठली लाईन घेणार?’ कला, वाणिज्य, विज्ञान की व्होकेशनल? उत्तर द्यायचं असतं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने.

कठोपनिषदातला नचिकेताही कुमारच. मृत्यूनंतर काय उरतं, एवढं त्याला जाणून घ्यायचं होतं. यमाने त्याऐवजी हत्ती, घोडे, सोनं, राज्य आणि दीर्घायुष्य देऊ केलं. मुलाने सगळं नाकारलं, तेव्हा यमाने श्रेयस (हिताचं) आणि प्रेयस (आवडतं) यांतला फरक उलगडला. ‘आवडतं ते नको, हिताचं घे,’ असं सांगणारे पालकही नकळत याच जोडीवर बोट ठेवतात. गंमत अशी की त्यांच्या हिशेबातलं हित, म्हणजे पगार, घर आणि स्थैर्य, यमाने पुढे केलेल्या प्रलोभनांच्या यादीतलंच असतं.

शिवाय हे हित जागेवर राहत नाही. डिचोलीत पिढ्यान्‌पिढ्या खाणीच्या भरवशावर संसार उभे राहिले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत बंद पडल्या. पेडण्यात जानेवारी 2023 पासून मोपा विमानतळावर विमानं उतरू लागली आणि हिताची व्याख्या तिथेही बदलली.

मग निवड स्वधर्मावर सोडावी? गीतेतला हा शब्द शतकानुशतकं जन्माशी बांधला गेला. अठराव्या शतकातल्या सोहिरोबानाथ आंबिये यांच्याकडे बांद्याचं वंशपरंपरेचं कुळकर्ण, म्हणजे गावची हिशेबवही, होतं. ते सोडून ते नाथपंथी साधक झाले, कवी झाले. जन्माने हाती दिलेली वही त्यांनी खाली ठेवली. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे, आणि त्या नावात ‘कला आणि वाणिज्य’ हे शब्दही आहेत. कवितेची वही आणि हिशेबाची वही एका पाटीवर आली.

त्याच पाटीवर ‘विज्ञान’ हा शब्द नाही; डिचोली तालुक्यातल्या साखळीच्या सरकारी महाविद्यालयाच्या नावात तो आहे. म्हणजे समोरची यादी जागेप्रमाणे बदलते.

इथेच नचिकेत्याच्या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. यमाच्या हाती सगळं होतं, म्हणून त्या मुलाचा नकार खरा ठरला. हायर सेकंडरीतल्या विषयांची यादी मात्र शिक्षकांच्या मंजूर जागा, प्रयोगशाळा, पटसंख्या आणि वेळापत्रक ठरवतात. इंग्लंडमध्ये 1951 पासून ए लेव्हल आहे. विद्यार्थी बहुधा तीन विषय घेतात, शाखेचं बंधन नाही. पण एकाच तासाला बसवलेले दोन विषय तिथेही एकत्र घेता येत नाहीत. आपल्याकडे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती पाडायचं म्हटलं. पण भौतिकशास्त्राबरोबर इतिहास शिकायचा, तर दोन्हींचे शिक्षक हवेत आणि तासही वेगळे हवेत.

निवड मुलाची, पण निवडीचं क्षेत्र दुसऱ्याने आखलेलं. अशा वेळी धर्म फक्त निवडणाऱ्यालाच असतो का?

गीतेच्या शेवटी कृष्ण निर्णय अर्जुनावर सोडतो, पण आधी सगळं सांगून. गणित सोडलं की अभियांत्रिकीचे बहुतेक रस्ते मिटतात, जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा; एवढं तरी अर्ज भरण्याआधी मुलाला कुणी सांगायला हवं. अर्जुनाला त्यासाठी अठरा अध्याय मिळाले. प्रवेशाच्या खिडकीवर मुलाला आधी टक्के विचारले जातात.