कापसाचे स्टेशन, गावाचे स्टेशन

मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रेल्वेमार्गावरची लाखपुरी, पथ्रोट अशा गावांची स्टेशने आता गाडीविना उभी आहेत. एसटी आली, रस्ते झाले, प्रवासी घटले आणि गाडी थांबली, असे त्याचे कारण सरसकट सांगितले जाते. ही स्टेशने मुळात प्रवाशांसाठीच उभारली होती, असे त्यात गृहीत धरलेले असते.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस बंदराच्या आवाक्यात आला. खामगाव व अमरावती या बाजारपेठांना लवकरच फाटे मिळाले. दूरच्या कापूसपट्ट्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत किलिक निक्सनच्या व्यवस्थापनाखालील कंपनीने अडीच फुटी रूळ टाकले: मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत सुमारे 113 किलोमीटर आणि अचलपूरपर्यंत सुमारे 76. या मार्गावरची गाडीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली.

प्रत्येक थांब्यावर खरे तर दोन स्टेशने होती. कापसाचे स्टेशन हंगामी. त्याचा हिशेब गाठींत होई. गावाचे स्टेशन बारमाही. बाजार, कचेरी, दवाखाना आणि माहेर यांसाठी लोक तिथून निघत. पहिल्यासाठी भांडवल आले. दुसरे गावकऱ्यांनी वापरून वापरून घडवले.

स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडे राहिली आणि गाडी मध्य रेल्वेने चालवली. मालक एक आणि चालवणारा दुसरा असला, की रूळ बदलण्याचा खर्च कोणालाच आपला वाटत नाही. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेले वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत धावत होते. पुढे डिझेल आले, तरी वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच राहिला. स्टेशनांवर कर्मचारी उरले नाहीत, तेव्हा गाडीवरची माणसेच तिकिटे देत. तेव्हा ‘प्रवासी घटले’ हे कारण मानण्याआधी प्रवासी का घटले, हे विचारले पाहिजे. ज्याला बसचे भाडे परवडत होते तो बसने गेला. ज्याला परवडत नव्हते तो शेवटपर्यंत याच डब्यात बसला. त्याची गरज कमी झालेली नव्हती.

तरीही सगळा दोष हेळसांडीवर टाकता येत नाही. रूळ नवे असते, तरी कापूस ट्रकनेच जिनिंगपर्यंत गेला असता. ज्या कामासाठी मार्ग बांधला, ते काम संपलेच होते. मागे उरले ते गावाचे स्टेशन, आणि त्याची जबाबदारी घेणारे कोणी नव्हते.

म्हणून हा मार्ग ब्रॉडगेज करावा, एवढीच मागणी अपुरी आहे. रुंद रुळांवरून मालगाड्या आणि जलद गाड्या लहान गावे ओलांडून जाऊ लागल्या, तर परत येईल ते कापसाच्या स्टेशनाचेच नवे रूप. गावाला स्टेशन परत द्यायचे असेल, तर रुळांच्या रुंदीआधी थांब्यांचा, भाड्याचा आणि वेळापत्रकाचा निर्णय व्हायला हवा. आणि त्या मार्गाचे यश मोजताना उत्पन्नाबरोबर, दुसरे साधन नसलेल्या प्रवाशांची संख्याही धरायला हवी.